वर्गातली ‘त्रासदायक’ मुलं स्वतःला काय समजतात?

मृद्गंधा
नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मुलगा सहावीत आहे, मराठी माध्यम, ठाणे जिल्ह्यातली बऱ्यापैकी नाव असलेली शाळा. एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालेलं आहे, त्यात राग. राग आला की हातात असेल ते भिरकावतो आणि पाच मिनिटांत विसरतो. ज्याला लागलं तो अर्थातच विसरत नाही. मोबाइलवर शाळेचं नाव दिसलं की माझे हातपाय गार पडतात.

परवा सत्र संपताना शाळेने मुलांकडून ‘माझ्याविषयी’ असा एक कागद भरून घेतला. वर ‘माझे चांगले गुण’, खाली ‘मला काय सुधारायचे आहे’. वरचा रकाना कोरा. खाली मात्र, ज्याचं अक्षर त्याला स्वतःला लागत नाही त्या मुलाने, वळणदार लिहिलं होतं: ‘वर्गकार्यात लक्ष देत नाही. इतरांच्या खोड्या काढतो. शिस्तीचे पालन करणे आवश्यक.’ हे कुठेतरी वाचलंय असं वाटलं म्हणून गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक काढलं. ‘सुधारणा आवश्यक’च्या रकान्यात हीच तीन वाक्यं, याच क्रमाने. ज्याला कवितेचं एक कडवं पाठ होत नाही त्याला हे पाठ!

हाच मुलगा घरी आजीच्या गोळ्या सकाळ-रात्रीच्या डबीत भरतो, एक चुकत नाही. सोसायटीत पाणी सोडायची वेळ वॉचमनकाकांना हाच आठवण करून देतो. विचारलं, घरी तू कसा आहेस रे? तर म्हणाला, ‘घरी मी नॉर्मल आहे.’

अशी मुलं शाळेत स्वतःकडे नक्की कशी बघतात? आपल्याला काय म्हणतात ते त्यांना कळतं, पण पटतं का? स्वतः असे होतात त्यांनी लिहा, शिक्षकांनी लिहा. औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहेत, त्यावर चर्चा नको. ब्राह्मी सुचवू नये, चालू आहे.

मिरचीभजी
ब्राह्मी नको म्हणालात म्हणून शंखपुष्पी सुचवतो. (पळालो.)

शेवटचा_बाक
मी असा होतो. नव्वदीच्या दशकात, इचलकरंजीजवळची शाळा. तेव्हा निदान वगैरे नव्हतं, ‘वात्रट’ एवढंच होतं.

आमच्याकडे सर वर्गाबाहेर गेले की मॉनिटर फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ लिहायचा. पुन्हा बोललं की नावापुढे फुली, चार फुल्यांना एक छडी. माझं नाव तो सर उंबरठा ओलांडायच्या आतच लिहून ठेवायचा. म्हणायचा, वेळ वाचतो. आणि एकदा नाव लिहिलेलंच आहे म्हटल्यावर गप्प बसायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की पटायचं का. खरं सांगू? मला मी वाईट वाटायचो नाही, मला मी प्रसिद्ध वाटायचो. पाचवी ते दहावी सगळ्या तुकड्यांना माझं नाव माहीत होतं. पहिल्या नंबरच्या मुलाचंसुद्धा नसेल.

आता कुणी येऊन सांगेल की अशा मुलाला जबाबदारी द्यावी, मॉनिटर करावं. केलं होतं. दोन आठवड्यांत मी फळ्यावरचं नाव पुसायला लिमलेटच्या गोळ्या घ्यायला लागलो. फुलीला एक, नावाला दोन.

मात्र एक गोष्ट अजून लागते. सातवीत पन्हाळ्याची सहल होती. सरांनी वडिलांना बोलावून सांगितलं, याला पाठवू नका, आम्हाला झेपणार नाही. वडिलांनी मान डोलावली. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं की मीच जाणार नाहीये, पन्हाळा मी दहा वेळा बघितलाय. एकदाही बघितला नव्हता.

रेवा
शेवटचा बाक, पहिलं वाचून हसून हसून पुरेवाट, शेवटचं वाचून गप्प झाले.

तेजस्विनी_एम
जरा वेगळं लिहिते, राग मानू नका. माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या बाकावरच्या मुलाने चिडून तिच्या तळहातात पेन्सिल खुपसली. शिसाचा ठिपका अजून दिसतो. शाळा म्हणते, आम्ही बोललो त्याच्याशी. ती महिनाभर शाळेत जाताना रडायची. त्या मुलाला स्वतःविषयी काय वाटतं याची काळजी सगळ्यांना. समुपदेशक त्याला, ताई त्याला, पालकसभेत विषय त्याचा. माझी मुलगी निमूट बसते म्हणून तिला स्वतःविषयी काय वाटतं हे कुणी विचारायचंच नाही का?

तुमच्या मुलाला म्हणत नाहीये, मृद्गंधा.

मृद्गंधा
म्हणालात तरी चालेल. माझ्या मुलाने कंपास फेकून एकाच्या भुवईला खोक पाडली आहे. त्याच्या आईला मी रोज गेटवर भेटते.

दादरकर
आमच्या वेळी एक वर्ग साठ मुलांचा, मास्तर एक, आणि टेबलावर छडी. ना एडीएचडी ना समुपदेशक. सगळी सुतासारखी सरळ. परवाच आमच्या बॅचचं संमेलन झालं, चाळीस जण आले होते, सगळे आयुष्यात स्थिरावलेले. हल्ली मुलाच्या मनाला फार कुरवाळतात.

रेवा
दादरकर काका, साठातले चाळीस आले. उरलेल्या वीसांचं काय? जे सरळ झाले नाहीत त्यांची शाळा सातवी-आठवीत सुटली. ते संमेलनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नसतातच, मग छडी रामबाणच वाटणार.

आणि छडी आता कायद्यानेच गेली. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई करतं. १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शिवाय कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करायची वाट उघडली, पण काढून टाकण्याची मनाई तशीच आहे.

दादरकर
वीसपैकी तीन वारले आहेत, एक अमेरिकेत आहे. बाकीच्यांचं माहीत नाही हे मान्य. पण कायद्याने छडी गेली, तिच्या जागी काय दिलं ते सांगा.

मिरचीभजी
तिच्या जागी गुगल फॉर्म दिला काका.

उन्मेष_स
मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करतो. मूळ प्रश्नावर येतो, कारण यावर अभ्यास झालेला आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या अंदाजाच्या उलट निघालेलं आहे.

मुलं स्वतःला कसं जोखतात हे मोजायला सुझन हार्टर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलेली प्रश्नावली खूप वापरतात. तिची गंमत अशी की ‘तू हुशार आहेस का?’ असं सरळ विचारतच नाहीत. ‘काही मुलांना वाटतं आपल्याला अभ्यास जमतो, पण काही मुलांना ती काळजी वाटते. तू कुठल्या मुलांसारखा?’ असं विचारतात. दोन्ही बाजूंना ‘काही मुलं’ आहेतच, त्यामुळे मूल लाजत नाही. अभ्यास, मित्र, खेळ, दिसणं, वागणूक असे पाच वेगवेगळे भाग आणि सहावा ‘एकूण मी स्वतःला आवडतो का’. एखाद्या मुलाचं वागणुकीत शून्य आणि खेळात भरभरून असू शकतं. त्यामुळे ‘आत्मविश्वास कमी आहे हो याचा’ हे वाक्य मला कुणी ऐकवलं की मी विचारतो, कशातला?

आता उलटी गोष्ट. आपल्याला वाटतं रोज बोलणी खाणारं मूल स्वतःला कमी लेखत असेल. पण एडीएचडी असलेल्या अनेक मुलांमध्ये दिसतं ते असं की ती स्वतःला शिक्षकांच्या मापापेक्षा बरीच वरचढ समजतात. बेट्सी होझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यावर बरंच काम आहे. ज्या मुलाचं ज्या बाबतीत सगळ्यात अडतं तिथेच तो जास्त फुगवून सांगतो. मारामाऱ्या करणारा म्हणतो मला खूप मित्र आहेत, अभ्यासात मागे असलेला म्हणतो गणित माझ्या हातचा मळ. काही जण याला आत्मभान नसणं म्हणतात. पण १९९७ च्या एका प्रयोगात या मुलांना दुसऱ्या मुलाबरोबर खेळायला दिलं आणि काहींना नंतर सांगितलं की त्याला तू आवडलास. ज्यांना हे सांगितलं त्यांची बढाई वाढली नाही, उतरली. म्हणजे तो फुगा बहुधा कवच आहे. कुणी मारणार नाही याची खात्री पटली की ढाल खाली येते.

शेवटचा बाक यांचा न बघितलेला पन्हाळा याच जातीचा.

आता मृद्गंधाताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं. जी मुलं सोबत खिन्नही असतात त्यांच्यात हा फुगवटा दिसत नाही किंवा कमी दिसतो. म्हणून शाळेत फुशारक्या मारणाऱ्या मुलापेक्षा चांगल्या गुणांचा रकाना कोरा सोडणाऱ्या मुलाकडे मी आधी बघतो. घाबरून जाऊ नका, कागद भरायचा कंटाळाही असू शकतो. पण झोप, जेवण, आवडीचं काम सुटलंय का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांशी जरूर बोला. आणि तो कधी मरण्याबद्दल किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कुठल्याही वेळी लागतो.

मिरचीभजी
जिथे सगळ्यात अडतं तिथेच सगळ्यात फुगवून सांगतो. उन्मेषजी, आमच्या विभागप्रमुखांना कधी भेटलात तुम्ही?

मृद्गंधा
उन्मेष, मनापासून धन्यवाद. झोप ठीक आहे, क्रिकेट सुटलेलं नाही. पण पूर्वी घरी येऊन भांडणाची साग्रसंगीत हकीकत सांगायचा, ज्यात चूक कायम दुसऱ्याची असायची. हल्ली ‘काही नाही झालं’ एवढंच. मला बरं वाटत होतं की सुधारतोय. आता वाटतंय हे डॉक्टरांना सांगायला हवं.

फडावरचा_मास्तर
बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते पाचवी. तुमच्या धाग्यातली मुलं शहरातली आहेत, आमच्याकडचं एक चित्र देतो.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, साखर कारखाना पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पोरं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापाबरोबर उसाच्या फडावर जातात. माझ्याकडे चौथीत एक पोरगं आहे. भाद्रपदात शाळेतलं सगळ्यात शांत. आईबाप गेले की आठ दिवसांत तेच पोरगं दगड उचलतं, वह्या फाडतं, लहान पोरांचा खाऊ हिसकावतं. पाडव्याच्या आसपास टोळी परतली की पुन्हा गार. त्याचं वागणं कारखान्याच्या गाळप हंगामाला बांधलेलं आहे.

गेल्या वर्षी अध्येमध्ये बाप त्याला फडावर घेऊन गेला होता. परत आल्यावर मी विचारलं, तिथंबी मारामाऱ्या करत होतास का रं? मला म्हणाला, ‘न्हाई सर. मी हितंच वाईट हाये. तिथं न्हाई.’ तिथं काय करतोस विचारल्यावर सांगायला लागला. पहाटे आई-बाप फडात गेले की कोपीवर (पाचटाच्या झोपडीत) धाकटी बहीण सांभाळायची, तिला भाकर द्यायची, बैलांना पाणी दाखवायचं, वाढ्याच्या (उसाच्या शेंड्याच्या) पेंढ्या बांधून विकायच्या, पैसे आईच्या हातात द्यायचे. उचल किती, फिटली किती, राहिली किती, त्याला तोंडपाठ. मी वजाबाकी हातच्याची शिकवत होतो आणि हे पोरगं बापाचं कर्ज तोंडी वजा करत होतं.

तिथं ते घरातलं तिसरं माणूस. हितं माझ्यासमोर चौथीतलं एक पोरगं, मुतायला जायला बोट वर करायचं. मग त्याला शाळेतला स्वतः कसा आवडावा?

पोरानं फडावर जावं असं मी म्हणत नाही हां, नायतर कुणीतरी तेवढंच धरून बसेल. शाळा सुटते ती तिथंच. पण ‘वाईट’ हे त्याच्या अंगात नाही, ठिकाणात हाये, हे त्याचं त्याला नीट कळलेलं आहे. आपल्यालाच कळत नाही.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून फिरते विशेष शिक्षक येतात, चांगले आहेत. त्यांच्या तक्त्यात २०१६ च्या दिव्यांग कायद्यातले २१ प्रकार आहेत. हे पोरगं एकातही बसत नाही.

रेवा
गुरुजी, यावर स्वतंत्र लेख लिहा. विनंती नाही, आग्रह आहे.

शेवटचा_बाक
+१. ‘मी हितंच वाईट हाये.’ मला चाळिशीतही हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं.

अदिती_लेस्टर
इंग्लंडमध्ये एका माध्यमिक शाळेत सहायक शिक्षिका म्हणून काम करते. इकडचं थोडं.

इथे अशा मुलांसाठी सरकारी भाषेत वेगळा गट आहे. २०१४-१५ मध्ये नियमावली बदलली तेव्हा गटाच्या नावातून ‘वर्तन’ काढलं आणि सामाजिक, भावनिक, मानसिक आरोग्य असं केलं. हेतू असा की वागणं हे लक्षण आहे, मुळाशी काय आहे ते बघा. कागदावर उत्तम. स्टाफरूममध्ये मात्र मुलगा तोच आणि त्याच्याबद्दलचे उसासेही तेच.

दोन गोष्टी मला विचित्र वाटतात. एक, ‘रिपोर्टवर’ असलेलं मूल दिवसभर एक कार्ड घेऊन फिरतं, प्रत्येक तासाच्या शेवटी शिक्षकाची सही आणि शेरा घ्यायचा. म्हणजे तुमचं प्रगतिपुस्तक वर्षातून दोनदा, इथे दिवसातून पाच-सहा वेळा. आमच्याकडचा एक मुलगा कार्ड हरवलं की रडतो, चांगले शेरे असतील त्या दिवशीही आणि वाईट असतील तेव्हाही. दुसरं, नेहमीच्या शाळेत ज्यांचं जमत नाही अशांसाठी छोटी वेगळी केंद्रं असतात. आपल्याला वाटेल तिथे पाठवलं म्हणजे मूल खचणार. काही खचतातच. पण काही जण परत येऊन सांगतात की तिकडे बरं होतं, वर्गात सात-आठच मुलं, सगळीच आपल्यासारखी, त्यात मी सगळ्यात शांत होतो! तोच मुलगा तीसजणांच्या वर्गात परतला की पुन्हा सगळ्यात वाईट. स्वतःला जोखायचं ते शेजारच्या बाकाकडे बघूनच ना.

तरी मला वेगळ्या शाळा हा उपाय वाटत नाही. तिकडून परीक्षा देऊन पुढे जाणारी फार कमी दिसतात.

तेजस्विनी_एम
मला तर सात-आठ मुलांचा वर्ग हा उपायच वाटतो. वेगळी शाळा नको, पण दिवसातला थोडा वेळ वेगळा वर्ग का नको? त्या मुलालाही श्वास, बाकीच्यांनाही.

फडावरचा_मास्तर
ताई, वर्गखोली द्या, उद्या करतो. आमच्याकडं एका खोलीत तीन इयत्ता आहेत आणि कोपऱ्यात तांदळाची पोती.

साडेदहाची_घंटा
अनुदानित शाळेत पंचवीस वर्षं शिकवते आहे. पालकांच्या बाजूने बरंच लिहून झालं, थोडं टेबलाच्या पलीकडून.

मृद्गंधाताई, तुमच्या मुलाच्या प्रगतिपुस्तकातली ती तीन वाक्यं. मला ती ओळखीची वाटली, कारण आहेतच. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून, म्हणजे २०१० पासून, आम्हाला प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक. विषयवार वेगळ्या, दोन्ही सत्रांच्या. कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय, माझ्या वर्गात पटावर त्रेसष्ट आहेत. त्यात निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती, शिष्यवृत्तीचे फॉर्म. मग काय होतं? व्हॉट्सॲपवर नोंदींच्या पीडीएफ फिरतात. विषयाप्रमाणे लावलेल्या, ‘चांगल्या’ वेगळ्या, ‘अडथळ्यांच्या’ वेगळ्या. ‘वर्गकार्यात लक्ष देत नाही’ हे अडथळ्यांच्या नोंदींत पहिल्याच पानावर आहे, ‘इतरांच्या खोड्या काढतो’ त्याच्या खाली. महाराष्ट्रात किती हजार मुलांच्या पुस्तकात हे असेल देव जाणे.

म्हणजे तुमच्या लेकाने जे स्वतःचं वर्णन म्हणून पाठ केलंय, ते लिहिताना बहुधा कुणी त्याच्याकडे बघितलेलंसुद्धा नाही.

हे शिक्षकांचं समर्थन समजा किंवा काहीही समजा. त्रेसष्ट मुलांचं खरं वर्णन एप्रिलच्या उन्हात चार दिवसांत कुणालाही लिहिता येणार नाही. पण एखाद्या मुलाविषयी वेगळं विचारायला पालक आले तर मी वेगळं सांगू शकते, कारण मला माहीत असतं. ते पुस्तकात उतरत नाही इतकंच.

दादरकर
आमच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तणूक : बरी’ एवढंच असायचं. सगळ्यांचीच बरी.

मिरचीभजी
काका, आज पहिल्यांदा ‘आमच्या वेळी’ला माझा पाठिंबा.

रच्याकने_राणी
रच्याकने, दहावीच्या सवलतींबद्दल इथे कुणी सांगू शकेल का? भाचा नववीत आहे, त्याचंही असंच आहे. एडीएचडीला जादा वेळ मिळतो का?

रेवा
गुरुजींनी लिहिलेल्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. पुष्कळ मुलांमध्ये दोन्ही एकत्र असतात, त्यामुळे आधी त्याची चाचणी करून घ्या. सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातून प्रमाणपत्र लागतं, मुंबईत सायनला सोय आहे. प्रमाणपत्र असेल तर तासाला वीस मिनिटं जादा, गरजेप्रमाणे लेखनिक वगैरे. आत्ताच नंबर लावा, तारखा लांबच्या मिळतात. आणि शाळेमार्फत बोर्डाकडे वेळेत अर्ज जातोय ना, ते स्वतः बघा.

उन्मेष_स
रेवा यांच्याशी सहमत. एवढंच जोडतो की प्रमाणपत्र मिळाल्यावर काही मुलं हुश्श करतात, ‘म्हणजे मी मठ्ठ नाही.’ आणि काही त्याच दिवशी ते दप्तरात लपवतात. भाच्याला आधी विचारा, वर्गात कुणाला कळलेलं चालेल. नववीतल्या मुलाला ते विचारलंच पाहिजे.

साडेदहाची घंटा यांच्या प्रतिसादावरून आणखी एक. गुडमन यांची एक पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली आहे, १९९७ ची. जवळपास तेच प्रश्न शिक्षकाला, पालकाला आणि अकरा वर्षांपुढच्या मुलाला देता येतात. माझ्या कामात तीन कागद शेजारी ठेवले की तीन वेगळी मुलं दिसतात. शिक्षक म्हणतात मारतो, आई म्हणते घाबरतो, मुलगा ‘माझा निदान एक चांगला मित्र आहे’ याच्यापुढे ‘पूर्ण खरं’वर खूण करतो आणि ज्याचं नाव घेतो त्या मुलाला त्याचा पत्ताच नसतो. यात खोटं कुणीच बोलत नसतं.

मृद्गंधा
काल रात्री एक उद्योग केला. त्याच्याच वर्गातल्या, आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाच्या आईकडून त्याचं गेल्या वर्षीचं प्रगतिपुस्तक मागितलं. तो मुलगा इतका गरीब की लिफ्टमध्ये कुणी शिरलं तर आपण बाहेर येतो. ‘सुधारणा आवश्यक’ : वर्गकार्यात लक्ष देत नाही. इतरांच्या खोड्या काढतो.

साडेदहाची घंटा, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

मी लेकाला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दाखवली. मला वाटलं याला हलकं वाटेल, बघ बाळा, हे तुझं नाहीच, छापील आहे. तो बघत राहिला आणि जाम चिडला. ‘याचं काय? हा कुठे खोड्या काढतो? याने आयुष्यात एक खोडी काढलेली नाहीये! बाईंना काही कळतच नाही.’ दहा मिनिटं धुसफुसत होता. मला हसू आवरेना.

शेवटचा_बाक
मी प्रसिद्धीबद्दल लिहिलं होतं ते हेच. माझ्या नावापुढची फुली दुसऱ्याला दिली असती तर मीही भांडलो असतो. वाईट का होईना, ते एकच त्याचं स्वतःचं होतं वर्गात, आणि तुम्ही दाखवलंत की तेही वाटलं जातंय. काढून घेतलंत खरं, आता तिथे दुसरं काहीतरी लागेल त्याला.

उन्मेष_स
आणि ते ‘तू किती गुणी आहेस’ने भरणार नाही. त्या कोऱ्या रकान्यासाठी त्याला गुण सुचवत बसू नका. आजीच्या गोळ्या, पाण्याची वेळ ही त्याने केलेली कामं आहेत, त्यांना तो नाकारू शकत नाही. तीच शाळेपर्यंत पोचली पाहिजेत. बाईंना हे माहीत आहे का?

मृद्गंधा
नाही. मी शाळेत जाते तेव्हा माफी मागायलाच जाते, हे सांगायला सुचलंच नाही. शनिवारी पालकसभा आहे. त्याला बरोबर नेऊ का?

साडेदहाची_घंटा
सभेला नको. सभेत चाळीस पालक, प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि तुमच्या मागे उभे असलेले सगळे ऐकत असतात. सोमवारी किंवा मंगळवारी मधल्या सुटीनंतर बाईंचा ऑफ तास कधी असतो ते विचारून जा, तेव्हा त्याला न्या. गोळ्यांच्या डबीचं त्याच्यासमोर सांगा. आणि एक मागून घ्या : या सत्राच्या नोंदीत एक वाक्य, फक्त एकच, बाईंनी स्वतः बघितलेलं. चांगलं असो वा वाईट. एक वाक्य कुठलीही शिक्षिका लिहील. तीन मागितलीत तर पीडीएफच येईल.

शेवटचा_बाक
सहलीचंही विचारून या. डिसेंबरात असेल.

तेजस्विनी_एम
परत आले. या धाग्यामुळे काल मुलीला विचारलं, तो पेन्सिलवाला मुलगा कसा आहे गं? मला वाटलं घाबरेल. म्हणाली, ‘तो वाईट नाहीये. त्याला चिडायचं नसतं, तरी तो चिडतो. मग तो टॉयलेटमध्ये जाऊन बसतो.’ मग म्हटलं, आता परत बसशील त्याच्या शेजारी? तर ‘नाही’ म्हणाली, ठामपणे. मी पुढे काही बोलले नाही. मला तिची दोन्ही उत्तरं बरोबर वाटली.

मृद्गंधा, बाईंना भेटाल तेव्हा त्या भुवईला खोक पडलेल्या मुलाची जागा कुठे आहे तेही विचारा. गेटवर त्याच्या आईला तुम्ही ते सांगितलंत तर तिला बरं वाटेल. मला वाटलं असतं.

मृद्गंधा
विचारते. आणि तिच्याशी फक्त ‘सॉरी हं’च्या पुढे बोलायचं ठरवलंय.

फडावरचा_मास्तर
एक वाक्य स्वतः बघितलेलं, हे मी माझ्या एकवीस पोरांना करून बघणार. एकवीसच आहेत, सबब नाही. आमच्या टोळ्या येत्या आठवड्यात हलतील, त्याच्या आत लिहून पोरांना वाचून दाखवतो. त्या चौथीतल्याचं कसं लिहावं, तो उचलीचा हिशेब लिहिलेला चालेल का, यावर उन्मेष सरांनी सांगावं.

उन्मेष_स
गुरुजी, हिशेब करतो एवढं लिहा, कर्ज कुणाचं ते लिहू नका. वर्गासमोर वाचायच्या आधी त्याला एकट्याला दाखवा. नको म्हणाला तर वाचू नका.